ड्रॅगनविरुद्ध निवेदन

थिबा पॉइंटवर रोज संध्याकाळी जाऊन सूर्य नीट बुडाला की नाही हे पाहून येणारी आमची आठ-दहा म्हाताऱ्यांची टोळी आहे. गेल्या ज्येष्ठात तिने एक ठराव एकमताने पास केला. रत्नागिरीत आठ म्हाताऱ्यांचे एकमत, ही खरे तर पेपरात छापण्याजोगी गोष्ट. ठराव असा, की तरुण पिढी रात्ररात्र कॉम्प्युटरवर ड्रॅगन मारीत बसते, त्यापायी तिचे डोळे, संस्कार आणि लग्नाचे वय ही तिन्ही जात चालली आहेत. सबब शाळा-कॉलेजांच्या प्रमुखांना एक कडक निवेदन द्यावे. माझे अक्षर बरे आणि माझा नातू ड्रॅगनवाला, म्हणून मसुदा माझ्या गळ्यात पडला.

कचेरीत असताना चौकशी न करता अहवाल लिहिण्यात माझी हयात गेली. आता वेळच वेळ आहे, तर म्हटले एकदा चौकशी करून लिहून पाहावे. त्या रात्री अकरा वाजता मी नातवाच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसलो. आता सांगतो, बसलो नसतो तर निवेदन केव्हाच लिहून झाले असते.

खेळाचे नाव 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. हा 2004 साली निघाला, आणि जुन्या लोकांना जुनेच हवे असते म्हणून 2019 साली त्याची जुनी आवृत्ती पुन्हा काढली. (म्हणजे 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणणारी माणसे तिथेही आहेत. मला पहिला धीर तिथे आला.) त्यात ओनिक्सिया नावाची एक ड्रॅगन आहे. बाई आहे. दलदलीपलीकडच्या गुहेत अंड्यांवर बसलेली असते. तिला मारायला जास्तीत जास्त चाळीस माणसे जातात. ही चाळीस माणसे आपापल्या घरी, कोणी पुण्याला, कोणी मस्कतला, आणि एक आमच्या माजघरात.

"तू काय करतोस रे यात?" मी विचारले.

"मी प्रीस्ट आहे, आजोबा."

आमच्या घराण्यातली भिक्षुकी माझ्या आजोबांनी सोडली. ती चार पिढ्यांनी, दक्षिणेवाचून, अशी परत येईल असे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. या प्रीस्टचे काम मारण्याचे नव्हे, वाचवण्याचे. एक धिप्पाड गडी पुढे उभा राहून बाईचा सगळा मार अंगावर घेतो, त्याला टँक म्हणतात. आणि आमचे चिरंजीव मागे उभे राहून मंत्राने त्याचे प्राण भरीत राहतात. बाकीचे बाजूने वार करतात. मागे मात्र कोणी जायचे नाही. तिचे शेपूट लागले की माणूस अंड्यांत जाऊन पडतो आणि अंड्यांतून पिल्लांचा लोंढा बाहेर येतो. बाईचे बळ शंभरातले पासष्ट उरले की ती उडते आणि वरून आग ओकते. चाळीस उरले की खाली उतरते आणि अशी किंचाळते, की भल्याभल्यांची पळापळ होते. हे सगळे प्रत्येकाला पाठ. उशीर करायचा नाही, मध्येच बोलायचे नाही, आपली जागा सोडायची नाही. कोणी चुकला तर कानाच्या यंत्रातून पुढारी त्याला असा झाडतो, की मला माझ्या पहिल्या साहेबाची आठवण झाली.

अहो, चाळीस माणसे ठरल्या वेळी हजर! आमच्या टोळीची वार्षिक सभा गणसंख्येअभावी दर वेळी अर्धा तास तहकूब होऊन मग त्याच पाच जणांत भरते. आणि बेशिस्तीबद्दल निवेदन आम्ही द्यायचे!

मसुद्यात पहिला मुद्दा होता, 'ही परकी संस्कृती आहे.' तो मी खोडला. ज्या राजवाड्याच्या नावाने आमची टोळी जमते त्यात ब्रह्मदेशचा राजा राहायचा. 1886 पासून 1916 साली मरेपर्यंत त्याने रत्नागिरीत दिवस काढले. त्या परक्याचे नाव आम्ही आमच्या सूर्यास्ताला दिले आहे. आणि ड्रॅगन परका कसा? ऋग्वेदात पाणी अडवून पडलेला वृत्र, त्याला सरळ 'अहि' म्हटले आहे, म्हणजे सापच. इंद्राने त्याला वज्राने मारला. हा धंदा मूळचा आपला.

दुसरा मुद्दा, 'खोट्या राक्षसांपायी खरा वेळ वाया.' हा मुद्दा मांडणारे मास्तर दर शिमग्याला खेळ्यांत पहिल्या रांगेत असतात. काळा झगा, तोंडावर टोकदार मुखवटा, कमरेला घुंगरांचा पट्टा अशा थाटात संकासुर आला, की हे सत्तरीचे गृहस्थ लहान मुलासारखे मागे सरकतात. तो संकासुर खरा आहे काय? आणि दक्षिणेला दशावतारात तर विष्णू त्याला गेली कित्येक शतके मारतो आहे, दर जत्रेला मारतो, पुढच्या जत्रेला तो हजर! ओनिक्सिया पाच दिवसांनी पुन्हा गुहेत येऊन बसते, एवढाच काय तो फरक. आम्ही जागलो ती परंपरा आणि पोरे जागली ते व्यसन, हा न्याय मला काही केल्या मराठीत लिहिता येईना.

एक तक्रार माझीही आहे, ती लपवत नाही. आपला राक्षस बोलतो. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. समोरच्याने टाकलेला शब्द उचलून राक्षस देवाला अडचणीत आणतो, आणि कधीकधी प्रेक्षकांना वाटते, याचेच खरे आहे. ओनिक्सियाबाई दर वेळी तीच दोन-चार वाक्ये म्हणते, परीक्षेला बसल्यासारखी. ज्याला आपली बाजू मांडू दिली नाही त्याला मारण्यात काय गंमत? हे मी नातवाला म्हटले. तो म्हणाला, "आजोबा, टँक मरतोय, नंतर बोला."

पण मला चीतपट केले ते लुटीने. बाई मेली की तिच्याजवळ मोजक्या वस्तू निघतात. माणसे चाळीस. मी मनात म्हटले, आता खरे युद्ध! तर कसले काय. ज्याने त्याने नम्रपणे आकडे सांगितले. ही युक्ती म्हणे 1999 च्या 'एव्हरक्वेस्ट' नावाच्या खेळापासूनची. तिथेही दोन ड्रॅगन होते, त्यांच्या वाटणीवरून भांडणे व्हायची, म्हणून लोकांनी ड्रॅगन मारल्याचे गुणच ठेवायला सुरुवात केली. आलात, राबलात, गुण जमा. वस्तू घेतलीत, गुण खर्च. वही सर्वांना उघडी. मानकरी नाही, पूर्वापार वहिवाट नाही, 'आमच्या पणजोबांनी पहिला वार केला होता' नाही.

आता इथे मला आमच्या शेंदऱ्याबद्दल सांगितले पाहिजे. शेंदऱ्या हा आमच्या आणि अण्णांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाच्या, गडग्यावरचा रायवळ आंबा. बुंधा गडग्यात, फांद्या दोन्हीकडे. त्याचा दावा 2003 पासून चालू आहे. शेंदऱ्याची सगळ्या वर्षांची फळे विकली तरी एका वकिलाची छत्री येणार नाही. पण तेव्हापासून अण्णा आणि मी बोललेलो नाही. दोन माणसे, एक झाड.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा खुर्ची टाकली. (चौकशीसाठी.) बाहेर पाऊस मी म्हणत होता. बाई उडाली, पिल्ले सुटली, आणि वीज गेली.

पोरगा ताडकन उठला. लॅपटॉप चालू, पण वायफाय गेलेले, आणि मोबाइलला पावसात रेंज नाही. "आजोबा, टँक माझ्यावर आहे. मी नसलो तर चाळीस जण मरतील." त्याचा चेहरा पाहून मला हसू आले नाही. आख्ख्या आळीत उजेड फक्त अण्णांच्या ओटीवर होता. त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे. पोराने लॅपटॉप शर्टाखाली घेतला आणि गडग्यावरून उडी टाकली. त्याच्यामागे छत्री आणि बॅटरी घेऊन मी, अर्थात फाटकातून.

अण्णा दारात उभे. "कोण गेलं?" त्यांनी घाबरून विचारले. रात्री बारानंतर आमच्याकडून माणूस आला म्हणजे त्यांना दुसरे काय वाटणार!

"अजून कोणी नाही, अण्णाआजोबा. पासवर्ड सांगा!"

अण्णा गप्प. पोरगा बोटे कीबोर्डवर ठेवून बसलेला. अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिले, मग छपराच्या वाशांकडे.

"शेंदऱ्या," ते म्हणाले. "इंग्रजीत. पुढे दोन हजार तीन."

पोराने ते मुकाट्याने टाइप केले. टँक मेला होता, पण दुसऱ्याने त्याची जागा घेतली होती. अण्णा आणि मी पाठीमागे दोन खुर्च्यांवर बसलो. बाई खाली उतरली तेव्हा अण्णा कोणाकडेच न पाहता म्हणाले, "ही बया किंचाळते कशाला?" मी म्हटले, "चाळीस उरले की किंचाळते." बाई मेली तेव्हा एक वाजून गेला होता. पोराने आकडा सांगितला नाही. गुण साठवतोय म्हणाला. वहिनींनी चहा टाकला.

निवेदन राहिलेच आहे. मास्तर रोज विचारतात. परवा मी सांगितले, चौकशी अजून पुरी व्हायची आहे. सोबतीला अण्णाही बसतात.