बाणा तुटला की माग थांबतो, मग गेट का थांबत नाही?

मा. आयुक्त,
इचलकरंजी महानगरपालिका यांस



जन्मभर मी माग दुरुस्त केले. जॉबर म्हणून अडतीस वर्षं काढली, आता मुलाच्या घरी असतो. खाली माग, वर घर आणि पुढं चौदा फुटी सरकतं लोखंडी गेट. बीम घेऊन टेम्पो आत यायचा तर गेट तेवढं लागतंच. दोन वर्षांपूर्वी मुलानं त्याला मोटर बसवून घेतली. रात्रपाळीचा माणूस आला की भर पावसात कुणी खाली उतरायला नको, ही सोय मोठी आहे आणि ती काढून टाका असं मी कुणालाच सांगणार नाही.

गेल्या श्रावणात माझी पाच वर्षांची नात त्या गेटात सापडली. गेट मिटत होतं, तिचा चेंडू बाहेर गेला आणि ती त्याच्यामागं धावली. गेटची कड आणि खांब यांच्यामध्ये तिचा दंड अडकला. गेट थांबलं नाही, दाबतच राहिलं. सून वरून ओरडली. मी रिमोट दाबला तर ते नुसतं जागेवर थांबलं, पुन्हा दाबल्यावर मागं सरकलं. सगळं मिळून चार-पाच सेकंद झाले असतील. हाड वाचलं, पण दंडावरचा काळानिळा पट्टा महिनाभर गेला नाही. अजून ती गेटातून जाताना माझं बोट घट्ट धरते.

त्याच संध्याकाळी मी मोटरचं झाकण उघडलं. गेटाच्या दोन्ही खांबांवर गुडघ्याच्या उंचीला एकेक ‘डोळा’ असतो. एकातून न दिसणारा किरण निघतो, तो समोरच्यावर पडतो. मध्ये कुणी आलं की मिटणारं गेट उलटं फिरायला हवं. आमच्या मोटरमधल्या तारा जोडायच्या पट्टीवर त्या डोळ्याचे दोन स्क्रू तांब्याच्या बोटभर तारेनं जोडून टाकलेले होते. म्हणजे वाट कायम मोकळीच आहे, असं मोटर धरून चालली होती. दाबाचा स्क्रूही शेवटपर्यंत पिळलेला. बसवणाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, “काका, तुमच्याकडं सुताचं तूस उडतं. डोळ्यावर बसलं की गेट मिटत नाही, मग लोकांचे फोन येतात. म्हणून डायरेक्ट केलं.” दाबाचं विचारलं, तर रुळात चिखल साचून गेट अडायचं म्हणून वाढवला, म्हणाला.

साहेब, फडक्यानं डोळा पुसायचा आणि खराट्यानं रूळ झाडायचा, एवढंच ते काम होतं. ते झालं नाही म्हणून लेकराला वाचवणाऱ्या दोन्ही गोष्टी बंद करून टाकल्या. आमच्या गल्लीत मी आणखी चार गेटं पाहिली. त्यातल्या तीन गेटांचा डोळा डायरेक्ट आहे.

हे आपल्या गावात घडावं याचं मला जास्त वाईट वाटतं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून या गावाला एक गोष्ट पाठ आहे: बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की मागावरच्या काट्याला सुताचा आधार मिळत नाही आणि माग थांबतो. काटा बांधून माग चालवणाऱ्याला कुठलाही जॉबर झापतो, कारण कापडात पट्टा पडतो आणि तागा परत येतो. एका धाग्यासाठी यंत्र थांबवणारी माणसं आपण.

आपल्याला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. खऱ्या मँचेस्टरमध्ये २०१० च्या जूनअखेरीस सहा वर्षांची एक मुलगी विजेच्या गेटात चिरडून गेली. आठवडा उलटायच्या आत वेल्समधल्या ब्रिजेंडला पाच वर्षांची दुसरी. दोन्ही गेटं राहत्या वस्तीतली. त्यानंतर तिकडं गेटांकडं यंत्र म्हणून बघू लागले. युरोपच्या मानकात मिटत्या गेटाचा दाब ४०० न्यूटनच्या वर, म्हणजे साधारण ४० किलो वजनाच्या वर जाता कामा नये, आणि पाऊण सेकंदात तो उतरला पाहिजे. अमेरिकेत गॅरेजच्या दाराची मोटर १९९३ पासून अडथळा ओळखून उलटी फिरणारीच विकावी लागते.

आपल्याकडंही जीव गेला आहे. २०२४ च्या जुलैअखेर पिंपरी-चिंचवडच्या बोपखेलला मुलं खेळत होती. एकानं सरकतं गेट ओढलं, ते कोसळलं आणि तीन-साडेतीन वर्षांची मुलगी त्याखाली गेली. तिथं मोटरही नव्हती. म्हणून मी म्हणतो, डोळ्याच्या आधी रुळाच्या दोन्ही टोकांचे अडसर आणि वरचे आधाररोलर बघा. ते पक्के नसतील तर मोटर गेटाला रुळाबाहेर ढकलते.

घरोघरी एवढं तरी कळायला हवं. वीज गेली तर कोणती किल्ली फिरवून गेट हातानं सरकवायचं, हे घरातल्या म्हाताऱ्यालाही यावं. आमची किल्ली कपाटात होती. आता मोटरशेजारीच टांगली आहे. रिमोट पोरांच्या हाती नको, आणि गेट पूर्ण मिटेपर्यंत नजर त्याच्यावर हवी. अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच पावसाळ्याआधी तपासून घ्यावा, कारण ओल्या गेटाला हात सगळेच लावतात.

आपल्याकडं माझं मागणं असं. लिफ्टसाठी या राज्यात १९३९ पासून कायदा आहे, निरीक्षक आहे. आमच्या गेटाला मोटर बसली तेव्हा एक कागद कुणी विचारला नाही. भोगवटा प्रमाणपत्र देताना आपल्या अभियंत्यांनी गेट एकदा चालवून पाहावं: मध्ये वस्तू धरली तर उलटं फिरतं का, ढकललं तर रुळावर राहतं का. पालिकेच्या शाळा आणि बागांच्या सरकत्या गेटांपासून सुरुवात करावी. राजवाड्यातल्या डीकेटीई अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या शिक्षकांना विनंती करून गावातल्या वायरमन आणि फॅब्रिकेशनवाल्यांचं एक दिवसाचं शिबिर घ्यावं. या पोरांना काम येतं, डोळा डायरेक्ट केल्यावर काय होतं तेवढं त्यांना कुणी दाखवलेलं नाही. शिबिराला मी स्वतः येईन, मोबदला नको.

आमच्याकडं तांब्याची तार काढून टाकली. दर रविवारी मी डोळे पुसतो आणि ताग्याची पुठ्ठ्याची नळी किरणात आडवी धरून गेट मिटायला लावतो. मागं फिरलं तरच मोटर चालू ठेवतो, नाहीतर किल्ली फिरवून हातानं ढकलतो. आपले अभियंते कधीही येऊन बघू शकतात. नळी खांबाशीच उभी असते.

आपला नम्र,
एक निवृत्त जॉबर
गावभाग, इचलकरंजी