विश्लेषण : ‘ॲव्हरेज’ की ‘पिकअप’? रोजच्या अपडाऊनसाठी कार बदलताना हिशेब काय सांगतो?

जळगाव-धुळे, जळगाव-भुसावळ, धुळे-पारोळा अशा मार्गांवर रोज अपडाऊन करणाऱ्या नोकरदारांची पसंती वर्षानुवर्षे एकाच प्रकारच्या कारला राहिली आहे. किंमत कमी, ॲव्हरेज जास्त आणि दुरुस्ती स्वस्त. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान कारवरील जीएसटी घटल्यानंतर चित्र बदलले. टर्बो इंजिनाच्या, दमदार पिकअपच्या छोट्या कारही याच सवलतीत बसतात. त्यामुळे ‘अल्टो’, ‘वॅगन आर’सारखी गाडी देऊन थोडी ‘स्पोर्टी’ कार घ्यावी का, हा विचार अनेक घरांत सुरू झाला आहे. ही अदलाबदल कोणाला परवडते आणि कोणाला महागात पडते, याचा हा आढावा.

करात नेमका बदल काय झाला?

जीएसटी परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या ५६ व्या बैठकीत वाहनांवरील करांची फेररचना झाली. त्याआधी लहान पेट्रोल कारवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का भरपाई उपकर, असा एकूण २९ टक्के कर होता. तो आता सरसकट १८ टक्के आहे. उदाहरणार्थ, करापूर्वी सात लाख रुपये किंमत असलेली कार पूर्वी ९ लाख ३ हजारांना पडत होती. ती आता ८ लाख २६ हजारांना पडते. म्हणजे ७७ हजारांची बचत. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल कारवर ११ टक्के रस्ता कर लागतो आणि तो किमतीवर मोजला जातो. मूळ किंमत उतरल्याने त्यातही सुमारे साडेआठ हजार वाचतात. एकूण फायदा ८५ हजारांच्या घरात जातो.

कंपन्यांनीही त्या वेळी दरकपात जाहीर केली. मारुती सुझुकीने ‘अल्टो के१०’ची किंमत १ लाख ७ हजारांपर्यंत, ‘स्विफ्ट’ची ८४ हजारांपर्यंत, तर ‘फ्रॉन्क्स’ची १ लाख १२ हजारांपर्यंत कमी केली. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर एक टक्क्याने खाली आणला आणि नव्या प्राप्तिकर प्रणालीत १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त झाले. शिक्षक, बँक कर्मचारी, प्राध्यापक या वर्गाच्या हातात थोडी मोकळीक आली, ती यामुळे.

‘स्पोर्टी’ कार कराच्या दृष्टीने ‘लहान’ कशी?

कर ठरवताना सरकार अश्वशक्ती पाहत नाही. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत (डिझेल असल्यास १५०० सीसीपर्यंत) असेल, तर ती लहान कार. ही व्याख्या २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातील उत्पादन शुल्क सवलतीपासून चालत आली आहे. त्या मर्यादेत राहून जास्तीत जास्त ताकद कशी काढता येईल, यावर कंपन्यांनी काम केले आणि त्याचे उत्तर छोटे टर्बो इंजिन हे निघाले.

मारुतीच्या ‘फ्रॉन्क्स’मधील टर्बो इंजिन ९९८ सीसीचे आहे, तर ह्युंदाईची २०२१ मध्ये आलेली ‘आय२० एन लाइन’ एक लिटर टर्बो इंजिनातून १२० पीएस ताकद देते. टाटाने जून २०२४ मध्ये आणलेल्या ‘अल्ट्रोझ रेसर’मध्ये १.२ लिटरचे तेवढ्याच ताकदीचे इंजिन होते. या तिन्ही चार मीटरच्या आतल्या. याउलट फोक्सवॅगनच्या ‘व्हर्टस’चे इंजिन अवघे ९९९ सीसीचे असले तरी लांबी साडेचार मीटरहून अधिक आहे. त्यामुळे तिच्यावर ४० टक्के कर लागतो.

टर्बोमुळे फरक काय पडतो?

सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक छोटी चक्री फिरते आणि ती इंजिनात जादा हवा दाबून भरते. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येते आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून अधिक ताकद मिळते. एकाच कंपनीची दोन इंजिने पाहिली की हे स्पष्ट होते. ‘अल्टो के१०’चे इंजिनही ९९८ सीसीचेच आहे. त्यातून ८९ न्यूटन मीटर टॉर्क मिळतो. ‘फ्रॉन्क्स’च्या टर्बोमधून १४७. म्हणजे ओढण्याची क्षमता दीडपटीहून अधिक. ट्रकच्या मागे अडकलेली कार बाहेर काढताना चालकाला हाच फरक जाणवतो.

खान्देशातील रस्त्यांवर त्याची गरज आहे का?

काही प्रमाणात निश्चित आहे. जळगाव ते धुळे हे अंतर सुमारे ९० किलोमीटर. धुळे शहरात येणारा रेल्वेमार्ग हा चाळीसगावहून निघालेला फाटा आहे. जळगावहून रेल्वेने धुळ्याला जायचे तर चाळीसगावचा वळसा पडतो. त्यामुळे एरंडोल, पारोळामार्गे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ हाच खरा आधार. सुरत-नागपूर मालवाहतुकीचाही हाच मार्ग. त्यातील तरसोद ते फागणे टप्प्याचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले आणि दुपदरी रस्त्यावर अवजड वाहनांना ओलांडत जाणे हा प्रवाशांचा रोजचा अनुभव बनला.

दुसरा मुद्दा उन्हाचा. जळगाव-भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. चार माणसे, एसी पूर्ण वेगावर आणि समोर लालिंग घाटाचा चढ असेल, तर छोट्या साध्या इंजिनाची दमछाक होते. टर्बो इंजिन तिथे सहज चालते.

मात्र गरज कुठे संपते तेही पाहिले पाहिजे. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर समोरून येणाऱ्या वाहनाला चुकवत ओव्हरटेक करण्याचा प्रश्न उरत नाही. तिथे वेगमर्यादेत चालवायचे तर साधे इंजिनही पुरते. म्हणजे रस्ता जसजसा सुधारेल, तसतशी पिकअपची निकड कमी होत जाईल.

पेट्रोलचा हिशेब काय सांगतो?

कंपनीचा अधिकृत आकडा ‘अल्टो के१०’साठी लिटरमागे २४ किलोमीटरहून अधिक, तर ‘फ्रॉन्क्स टर्बो’साठी सुमारे साडेएकवीस आहे. प्रत्यक्षात एसी लावून, महामार्ग आणि शहर धरून अनुक्रमे २० आणि १५ मिळतात असे मानू. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि महिन्याला २४ दिवस प्रवास धरू.

जळगाव-धुळे अपडाऊन म्हणजे रोज १८० किलोमीटर, महिन्याला ४,३२० किलोमीटर. जुन्या कारला २१६ लिटर, म्हणजे २२,६८० रुपये लागतात. टर्बो कारला २८८ लिटर, म्हणजे ३०,२४० रुपये. फरक महिन्याला ७,५६० रुपये आणि वर्षाला ९० हजारांहून अधिक. जीएसटी कपातीतून वाचलेले ८५ हजार वर्ष पूर्ण होण्याआधीच पेट्रोल पंपावर जमा होतात.

जळगाव-भुसावळ अपडाऊनचे गणित वेगळे आहे. रोज सुमारे ५० किलोमीटर, महिन्याला १,२०० किलोमीटर. इथे फरक महिन्याला २,१०० रुपये. हा खर्च अनेकांना झेपणारा आहे.

त्यात हप्ता मिळवावा लागतो. जुनी कार देऊन वर चार लाखांचे कर्ज घेतले, तर ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे ८,३०० रुपये बसतो. म्हणजे धुळ्याला जाणाऱ्याचा मासिक बोजा जवळपास १६ हजारांनी, तर भुसावळला जाणाऱ्याचा साडेदहा हजारांच्या आत वाढतो.

किमतीत न दिसणारे खर्च कोणते?

पहिला वॉरंटीचा. मारुतीची मूळ वॉरंटी जुलै २०२४ पासून तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर आहे, यापैकी जे आधी होईल ते. जळगाव-धुळे अपडाऊन करणारी कार वर्षाला ५० हजार किलोमीटरहून अधिक धावते. म्हणजे वॉरंटी दोन वर्षांतच संपते आणि पाच वर्षांचे कर्ज फिटेपर्यंत मीटर अडीच लाखांपलीकडे गेलेले असते. अशा गाडीला विकताना फारसा भाव येत नाही. शिवाय टर्बो इंजिनात ऑईल बदलण्यात केलेली हयगय साध्या इंजिनापेक्षा महागात पडते.

दुसरा टायरचा. ‘अल्टो’ला १३ इंची, जाड रबराचे टायर असतात. स्पोर्टी कारला १६ इंची, रुंद आणि कमी उंचीचे. ते दिसायला आणि वळणावर चांगले. पण खड्ड्यात आपटले तर टायर आणि रिम दोन्हींना धोका अधिक आणि नवा टायरही महाग.

विम्याच्या बाबतीत मात्र एक अनपेक्षित फायदा आहे. २०२२ पासून लागू दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारचा थर्ड पार्टी विमा वर्षाला २,०९४ रुपये आहे, तर त्यापुढे १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये. त्यामुळे १०० पीएसची ९९८ सीसी टर्बो कार स्वस्त गटात बसते आणि ८२ पीएसची ११९७ सीसी ‘स्विफ्ट’ महाग गटात.

‘ई२०’ पेट्रोलमुळे कार बदलावी का?

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ई१० साठी बनवून ई२० शी जुळवून घेतलेल्या कारमध्ये ॲव्हरेज १ ते २ टक्के, तर इतर कारमध्ये ३ ते ६ टक्के घटते, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले. जुन्या कारचे ॲव्हरेज २० वरून १९ वर आले, तरी ते टर्बो कारपेक्षा चांगलेच राहते. त्यामुळे केवळ ॲव्हरेज घटले म्हणून टर्बो कार घेणे हा उलटा व्यवहार ठरेल.

जुनी कार विकताना काय सांभाळावे?

नवी कार स्वस्त झाली की जुनीचाही भाव उतरतो. करकपातीचा काही भाग इथे परत जातो. म्हणून शोरूममधील एक्सचेंज किंमत आणि बाहेरचा भाव दोन्ही विचारून घ्यावेत. ‘एक्सचेंज बोनस’ वेगळा दाखवून जुन्या कारची किंमत कमी धरली जात नाही ना, हेही पाहावे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे नाव बदलणे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीत विकणाऱ्याने १४ दिवसांत, तर घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार प्रकरणात स्पष्ट केले, की नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच अपघात भरपाईसाठी मालक समजला जाईल. ‘एमएच १९’ची गाडी शिरपूरकडे विकली आणि कागद तसेच राहिले, तर तिच्या अपघाताची नोटीस जळगावच्या घरी येऊ शकते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का, कर्ज असल्यास आरसी बुकावरील बोजा उतरला आहे का, हेही तपासावे. विम्यातील ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसून मालकाचा असतो. सलग पाच वर्षे दावा नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. ती प्रमाणपत्र घेऊन नव्या कारवर आणता येते.

पिकअपपेक्षा सुरक्षितता महत्त्वाची का?

रोज १८० किलोमीटर महामार्गावर काढणाऱ्यासाठी कार बदलण्याचे हेच सर्वात सबळ कारण आहे. २०२३ मधील ‘ग्लोबल एनकॅप’च्या धडक चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी ‘अल्टो के१०’ला दोन आणि ‘वॅगन आर’ला एक तारा मिळाला होता. ‘अल्ट्रोझ’ला २०२० मध्ये पाच तारे मिळाले होते. स्पोर्टी असणे आणि सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ सुरू झाले असल्याने हव्या त्या मॉडेलचे तारे खरेदीपूर्वी पाहता येतात. ताकदवान इंजिन ओव्हरटेकचा वेळ कमी करते, पण तेच इंजिन नको तिथे ओव्हरटेकचा मोहही घालते.

मग निर्णय कोणी कसा घ्यावा?

रोजचे येणे-जाणे ५० किलोमीटरच्या आसपास आणि गाडी घरच्या लांबच्या प्रवासालाही लागत असेल, तर टर्बो कॉम्पॅक्टचा जादा खर्च झेपू शकतो. रोज दीडशे किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्यासाठी मधला मार्ग अधिक शहाणपणाचा. सहा एअरबॅग असलेली ‘स्विफ्ट’सारखी साध्या १.२ लिटर इंजिनाची कार लिटरला १८ किलोमीटर गेली, तर जळगाव-धुळे मार्गावर पेट्रोलचा जादा खर्च महिन्याला अडीच हजारांच्या आसपास राहतो. सीएनजीचा पर्याय याहून स्वस्त पडतो, पण डिक्की जाते आणि पंपावरची रांग वाट्याला येते. दोघे-तिघे सहकारी एकाच मार्गावर असतील, तर आळीपाळीने एक कार काढणे हा कोणत्याही करकपातीपेक्षा मोठा फायदा आहे. सही करण्यापूर्वी एक चाचणी मात्र शोरूमभोवती न घेता आपल्या रोजच्या मार्गावर, भर दुपारी, एसी लावून आणि चार माणसे बसवून घ्यावी.