दुर्लक्षाला पुरून उरणारे संगीत

'इलेक्ट्रॉनिक संगीत' हे शब्द कानी पडले की गोमंतकीय माणसाला हणजूण-वागातोरचा किनारा आठवतो. रात्री दहानंतरही न थांबणारा ठोका, झोपमोड झालेले ग्रामस्थ आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांवरून न्यायालयापर्यंत पोहोचलेले वाद त्याला आठवतात. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. त्याच यंत्रांतून एक शांत, संथ प्रवाहही गेली अनेक दशके वाहतो आहे. त्याला 'अँबियंट' म्हणतात, आणि टेक्नोचा ठोका मंद करून त्यात मिसळला की 'अँबियंट टेक्नो'. गेल्या दोन-तीन वर्षांत या प्रवाहात आलेल्या नव्या अल्बमांविषयी जाणकार जी मते मांडत आहेत, त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. हे संगीत ऐकण्यासाठी आहे, की नुसते चालू ठेवण्यासाठी?

या प्रश्नाचे बीज या संगीताच्या जन्मातच आहे. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७८ मध्ये 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' हा अल्बम प्रसिद्ध केला. त्यासोबतच्या टिपणात त्यांनी 'अँबियंट' या प्रकाराची दुहेरी अट सांगितली. श्रोत्याने दुर्लक्ष केले तरी या संगीताने तक्रार करू नये, आणि लक्ष दिले तर त्याला रिकाम्या हाती परत पाठवू नये. दुकाने-कार्यालयांत वाजणाऱ्या गुळगुळीत संगीताहून हे निराळे होते. कारण ते वातावरणातील शंका आणि अनिश्चितता पुसून टाकत नव्हते. पुढे १९८९ च्या सुमारास लंडनच्या क्लबांत, नाचून थकलेल्यांसाठी राखलेल्या खोल्यांत, त्याची टेक्नोशी गाठ पडली. १९९२ मध्ये शेफील्डच्या 'वॉर्प' या कंपनीने घरी बसून ऐकण्याजोग्या इलेक्ट्रॉनिक रचनांचा एक संग्रह काढला. मुखपृष्ठावर आरामखुर्चीत विसावलेला यंत्रमानव होता आणि संग्रहाचे नाव होते 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स', म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. त्या काळी हा खोडकरपणा होता. आज ते नाव वाचताना हसू येत नाही.

कारण ईनो यांच्या दुहेरी अटीतील पहिला अर्धा भाग स्ट्रीमिंग कंपन्यांनी उचलला आणि दुसरा सोडून दिला. 'झोप', 'अभ्यास', 'एकाग्रता' अशा नावांच्या प्लेलिस्टमध्ये ज्याकडे कोणी लक्ष देणार नाही, असेच संगीत सोयीचे ठरते. आणि लक्षच द्यायचे नसेल, तर संगीतकार कोण, याने काय फरक पडतो? स्वीडनमधील 'दागेन्स न्यूहेतेर' या दैनिकाने २०२२ मध्ये दाखवून दिले, की स्पॉटिफायवरील पाचशेहून अधिक 'कलावंतां'च्या नावांमागे अवघे वीसेक संगीतकार आहेत. अमेरिकी पत्रकार लिझ पेली यांनी 'हार्पर्स' मासिकातील लेखात आणि २०२५ च्या 'मूड मशीन' या पुस्तकात या व्यवहाराची अधिक तपशिलात मांडणी केली. स्वस्तात करून घेतलेले संगीत लोकप्रिय याद्यांत पेरले जाते आणि त्यामुळे खऱ्या कलावंतांच्या वाट्याची जागा कमी होते, असा तिचा आशय आहे. आपण बनावट कलावंत निर्माण करत नाही, असे कंपनीने यापूर्वी म्हटले आहे.

त्यातच २०२४ पासून, मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या न गेलेल्या ध्वनिमुद्रणाला मानधन न देण्याचे धोरण स्पॉटिफायने स्वीकारले. प्रायोगिक संगीताच्या अनेक रचना या उंबरठ्यापाशीच अडतात. दुसरीकडे 'डीझर' या फ्रेंच कंपनीने जाहीर केले, की तिच्याकडे रोज येणाऱ्या नव्या रचनांपैकी पूर्णपणे कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेल्या रचनांचे प्रमाण जानेवारी २०२५ मध्ये सुमारे १० टक्के होते आणि सप्टेंबरपर्यंत ते २८ टक्क्यांवर गेले. शब्द नसलेले, सावकाश बदलणारे, चेहरा नसलेले संगीत यंत्राला सर्वांत सहज साधते. त्यामुळे अँबियंट हा या पुराच्या वाटेवरचा पहिला सखल भाग आहे.

नवे अल्बम या पार्श्वभूमीवर ऐकायला हवेत. कॅनडाचे टिम हेकर यांचा 'नो हाइज' (२०२३) हा याच गुळगुळीतपणाविरुद्धची भूमिका म्हणून श्रोत्यांसमोर आला. त्यातील तारायंत्रासारखे टकटकणारे स्पंद आणि कॉलिन स्टेट्सन यांचा घुसमटलेला सॅक्सोफोन श्रोत्याला पहुडू देत नाहीत. 'मोनॉटनी' म्हणजे एकसुरीपणा, असे नाव घेऊन येणारी रचनाच मन अस्वस्थ करते. मात्र अस्वस्थतेचीही सवय होते, आणि अल्बमच्या उत्तरार्धात ती जाणवते. व्हँकुव्हरचे स्कॉट मॉर्गन हे 'लॉसिल' या नावाने संगीत करतात. त्यांचा 'लेक फायर' (२०२५) ब्रिटिश कोलंबियातील वणव्यांच्या अनुभवातून आला आहे. वरवर ऐकले तर ते धुके वाटते. कान दिला तर तो धूर असल्याचे कळते. ईनो यांची दुहेरी अट इतक्या नेमकेपणाने पाळणारे काम अलीकडे थोडेच आले आहे.

खुद्द ईनो यांचे काय? बीटी वुल्फ यांच्यासह त्यांनी २०२५ मध्ये काढलेल्या 'लॅटरल'मध्ये एकाच रचनेचे आठ भाग आहेत. ते सुंदर आहेत, पण पहिल्या भागात जे कळते त्याहून फारसे अधिक आठव्यात कळत नाही. संगीत आणि सजावट यांना वेगळी करणारी रेषा या प्रकाराच्या जनकालाही चुकलेली नाही, एवढे त्यातून दिसते.

मराठी श्रोत्याला यांतील सर्वांत जवळचा वाटेल तो आरुषी जैन यांचा 'डिलाइट' (२०२४). भारतात वाढलेल्या आणि अमेरिकेत काम करणाऱ्या जैन यांनी हा अल्बम बागेश्री रागावर उभारला आहे. मॉड्युलर सिंथेसायझरच्या थरांमधून त्यांचा स्वतःचा स्वर वर येतो, तेव्हा रात्रीच्या या रागातील प्रतीक्षा ओळखू येते. तरीही एक आक्षेप उरतो. ख्यालात पुन्हा आलेली स्वरसंगती दर आवर्तनात थोडी बदलून, वाढून येते. यंत्रात फिरवत ठेवलेली संगती तशीच परतते. जैन जेथे गातात तेथे राग पुढे सरकतो, जेथे केवळ यंत्राची पुनरावृत्ती चालते तेथे तो थबकतो.

म्हणून यंत्रालाच दोषी धरणे चुकीचे ठरेल. भारताला हे संगीत उपरे नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्युडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर बसवला गेला होता. तेथे १९७२ पर्यंत झालेल्या प्रयोगांच्या फिती पॉल पर्गस यांनी शोधून काढल्या आणि त्यांचा संग्रह २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग सिंथेसायझरवर बांधले. जगाने त्यांची दखल घेतली ती २०१० च्या पुनःप्रकाशनानंतर. ही कामे अनेक दशकांनंतरही उठून दिसतात, कारण यंत्र नवे असले तरी त्यामागे कान लावून बसलेली माणसे होती.

झोपेसाठी वा अभ्यासासाठी संगीत लावण्यात गैर काही नाही. प्रश्न त्या सवयीतून कोणाचे घर चालते, हा आहे. या संगीतकारांना थेट पैसे देण्याची सर्वांत मोठी पेठ असलेली 'बँडकॅम्प' २०२२ आणि २०२३ अशा लागोपाठच्या वर्षांत दोनदा विकली गेली, आणि दुसऱ्या विक्रीनंतर जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांना घरी जावे लागले. तरी आपला वाटा न घेता रक्कम कलावंताकडे वळवण्याचे काही शुक्रवार तिने २०२० पासून चालू ठेवले आहेत. एखादा अल्बम आवडला तर तो विकत घेणे, ही मतप्रदर्शनाची सर्वांत परिणामकारक रीत ठरते.

ईनो यांची अट गोमंतकातील मैफलींना तशी अनोळखी नाही. तानपुऱ्याकडे मुद्दाम कोणी लक्ष देत नाही, पण त्याची एक तार केसभर उतरली तर गायक थांबतो आणि ती जुळवून घेतो. आज घरोघरी रियाजासाठी इलेक्ट्रॉनिक तानपुरा वाजतो, आणि त्याने कोणाचे गाणे बिघडलेले नाही. कारण सूर हलला की ओळखणारा कान त्या खोलीत असतो. नव्या अल्बमांचे मोल जोखतानाही तोच कान लागतो. तार उतरल्याचे कोणालाच कळेनासे झाले, तर पेटीत काय वाजते आहे याची चौकशी करायलाही कोणी उरणार नाही.