कोरफड आणि तिचा पिवळा चीक

मंडळी, सध्या आमच्या नातलगांत कोरफडीच्या रसाची साथ आली आहे. मधुमेह, सांधेदुखी, केस, कांती, सगळ्यावर सकाळी उपाशीपोटी एक कप. शंका काढली की ठरलेलं उत्तर : "अहो, नैसर्गिक आहे, अपाय कसला?"

या वाक्याशी माझं भांडण आहे. धोतराही नैसर्गिकच आहे की! आणि आता माझ्या भाचीला पाचवा महिना लागलाय, तिलाही कुणीतरी रसाची बाटली पाठवली, म्हणून हे जाहीर लिहिते आहे.

कोरफडीचं पान आडवं कापून पाहा. मधे पारदर्शक, बुळबुळीत गर असतो आणि सालीलगत कडू पिवळा चीक. या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गर कातडीला थंडावा देतो. चिकात अ‍ॅलोइन असतं, ते जालीम रेचक आहे. हाच चीक सुकवला की काळा बोळ होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर २००२ साली कोरफडीच्या रेचकांची विनाचिठ्ठी विक्री थांबवली. रोज जुलाब झाले की अंगातलं पोटॅशियम उतरतं. त्यात हृदयाची डिगॉक्सिनसारखी गोळी चालू असेल तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. आमच्या वयात गोळ्यांचा डबा कुणाकडे नाही?

'आजीचा बटवा' म्हणता ना? मग आजीचं पूर्ण ऐका. माझी आजी पान कापून उभं ठेवायची, चीक निथळू द्यायची, मगच गर काढायची. काळा बोळ पाळी आणण्यासाठी देतात हे तिला ठाऊक होतं. गरोदर सुनेला तिने कोरफड कधीच दिली नसती. तुम्ही बटवा घेतलात, तिची सावधगिरी मात्र विसरलात!

दारावर उलटी टांगलेली कोरफड मला या बाटल्यांपेक्षा प्रिय. दृष्टीचा वाद नको. पण मुळं आभाळाकडे असूनही ती महिनोन्‌महिने हिरवी राहते! पानांतलं पाणी पुरवून वापरते, दिवसा पर्णरंध्रं मिटून घेते आणि रात्री उघडते. कौतुक करायचं तर याचं करा.

तेव्हा कोरफड कुंडीत असू द्या. चटका बसला तर आधी गार पाणी, मग गर. पोटात घ्यायची असेल तर वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारून, आणि गरोदर बाईला अजिबात नाही. रागावलात तर खाली प्रतिसादात भांडा, पण ती बाटली आधी परत घ्या.