‘विषय’च्या रकान्यात काय टाकू, काका?

बेगमपुऱ्यात, विद्यापीठाच्या वाटेवर, माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. फेलोशिपचे अर्ज सुटले की शटर उघडायच्या आधीच पोरं पायरीवर बसलेली असतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, बोनाफाईड, गाईडचं पत्र, आधार जोडलेलं पासबुक. कुठला कागद किती केबीचा लागतो, हे मला झोपेतही सांगता येईल. पण मागच्या महिन्यात एका पोरीच्या फॉर्मवर माझंही डोकं चालेना.

पोरगी भोकरदन तालुक्यातली. वनस्पतिशास्त्रात एमएस्सी, घरी चार एकर कपाशी. कपाशीचं पान लाल पडतं त्याला आपल्याकडे लाल्या म्हणतात. कधी मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडल्याने पान लाल होतं, कधी तुडतुड्यांनी रस शोषल्याने. शेतकऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, मग कृषी केंद्रवाला जे हातात देईल ते तो फवारतो. हिचं म्हणणं असं की पानावरून परतणारा उजेड शेकडो तरंगलांब्यांवर मोजायचा, अशी हजारो पानं संगणकाला दाखवायची, आणि डोळ्यांना लाली दिसायच्या आधीच तिचं कारण ओळखायला त्याला शिकवायचं. आपल्या विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात अशा हायपरस्पेक्ट्रल प्रतिमांवर बरीच वर्षं काम चालतं, म्हणजे कल्पना हवेतली नाही. पायथन ती यूट्यूबवर शिकली.

फॉर्ममध्ये रकाना आला : विषय. एकच निवडा.

“काका, बॉटनी टाकू का कॉम्प्युटर?”

बॉटनी टाकलं तर छाननीत कुणीतरी म्हणणार, यात झाड कुठंय, सगळा कोडच आहे. कॉम्प्युटर टाकलं तर पदवी जुळत नाही. नेटचीही हीच गत. सीएसआयआरची नेट पाच विषयांत होते : रसायन, पृथ्वीविज्ञान, जीवविज्ञान, गणित, भौतिक. संगणकशास्त्राचा पेपर यूजीसीच्या वेगळ्या परीक्षेत. दोन्हींच्या मधल्या बांधावर उभं राहणाऱ्याला कुठल्यातरी एका शेतात उतरावंच लागतं.

आता २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल बघा. अर्धं डेव्हिड बेकर यांना आणि उरलेलं अर्धं, प्रथिनाचा आकार संगणकाने ओळखून दाखवल्याबद्दल, डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना. जंपर आधी भौतिकशास्त्राचे. मार्शल शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, तिथंही भौतिकशास्त्रच केलं, मग शिकागोत रसायनशास्त्रात पीएचडी. हसाबिस संगणक शिकले आणि डॉक्टरेट केली मेंदूविज्ञानात. हे दोघे माझ्या दुकानात आले असते तर मी त्यांना कुठला विषय निवडून दिला असता?

कुणी म्हणेल, हे मोठ्या शहरांचे लाड आहेत. तर आपल्याच मराठवाड्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटींची मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचं काय, तर प्रोटॉनपेक्षाही कितीतरी लहान हालचाल. असं यंत्र सगळंच ऐकतं. अमेरिकेत हॅनफर्डच्या अशाच वेधशाळेत डोमकावळे नळीवरचा बर्फ टोचत होते, तेही नोंदीत उमटलं होतं. असा गोंगाट वेगळा काढायला तिकडे हजारो हौशी लोकांनी नोंदी पाहून वर्गवारी केली आणि त्यावरून संगणक शिकला. औंढ्याला उसाच्या ट्रॉल्या जातील, पोळ्याला ढोल वाजतील. ते ओळखायला यंत्राला कोण शिकवणार? पुण्याहून आयुका या संशोधन संस्थेची माणसं येतीलच. पण हिंगोली-परभणीचं भौतिकशास्त्राचं पोरगं त्या खोलीत असावं असं मला वाटतं, आणि पहारेकरी म्हणून नव्हे.

पैसा नाही असं कुणी म्हणू नये. पंतप्रधान संशोधन फेलोशिप दरमहा ७०,००० पासून सुरू होते, वर अभ्यासखर्चाला वर्षाला दोन लाख. २०२५ च्या अर्थसंकल्पात आयआयटी आणि आयआयएससीसाठी पाच वर्षांत अशा दहा हजार फेलोशिप जाहीर झाल्या. बेगमपुऱ्यात खोली करून राहणाऱ्याच्या वाट्याला यातलं काही येत नाही. त्याला आधार राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांचा. या संस्थांबद्दल मी वाकडं बोलणार नाही. कित्येक घरांतली पहिली पीएचडी यांच्याच पैशावर झाली. पण २४ डिसेंबर २०२३ ला यांची चाळणी परीक्षा झाली आणि पेपर २०१९ च्या सेटचाच निघाला. १० जानेवारीला फेरपरीक्षा, तर पोरांना काही प्रश्नसंचांवर सील दिसेना, आणि बहिष्कार. त्याच डिसेंबरात विधान परिषदेत सवाल आला होता, पीएचडी करून काय दिवे लावणार?

मी स्वतः भौतिकशास्त्रात पीएचडीला नाव घातलं होतं. फेलोशिप मंजूर झाली, पहिला हप्ता चौदा महिन्यांनी आला. तोवर मी हप्त्यांवर जुनं झेरॉक्स मशीन घेऊन बसलो होतो. हा माझा दिवा, बरा चालतो.

म्हणून माझं मागणं रकमेबद्दल फारसं नाही. केंद्राची जेआरएफ फेलोशिप २०२३ पासून दरमहा ३७,००० झाली, ती वेळेवर आली तरी पुष्कळ आहे. संगणकाला शिकवायच्या या नव्या कामाला लागतात ते संगणकाचे तास, आणि त्यांचा रकाना कुठल्याच फॉर्मवर मी पाहिलेला नाही. ही पोरगी फुकटच्या कोलॅबवर काम करते. मध्यरात्री सत्र तुटतं, सकाळी पहिल्यापासून सुरू. केंद्राच्या इंडियाएआय मिशनमध्ये ३८,००० जीपीयू आहेत, सवलतीचा दर तासाला साधारण ६५ रुपये. सीएसआयआरच्या फेलोला कंटिन्जन्सी मिळते वर्षाला २०,०००. ती सगळी यातच घातली तरी तीनशे तास, म्हणजे दिवसाला तासभरही नाही. पानं गोळा करायला एसटीने जायचं ते वेगळंच. राज्याच्या संस्थांनी दर दोनशे फेलोंमागे वीस जागा अशा कामाला ठेवाव्यात, दोन विभागांचे दोन गाईड चालतील असं लिहावं, आणि महिन्याला शंभर तास परस्पर फेलोच्या नावावर टाकावेत. शंभर तासांचे ६,५०० रुपये होतात.

एका रकान्यात न मावणारा फेलो काही आजचा नाही. ज्या बाबासाहेबांचं नाव या विद्यापीठाला आहे, त्यांना सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड दिले. कोलंबिया विद्यापीठात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. पण भारतातल्या जातींवरचा त्यांचा १९१६ चा निबंध वाचला गेला तो मानववंशशास्त्राच्या वर्गात.

त्या पोरीचा फॉर्म शेवटी आम्ही बॉटनीत भरला. शीर्षकातला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्द काढून ‘आधुनिक तंत्र’ घातला. मलाच लाज वाटली. सबमिट केलं तर ओटीपी गेला वडिलांच्या मोबाईलवर. ते रानात, रेंज नाही. दोनदा वेळ संपली. तिसऱ्यांदा त्यांनी बांधावर चढून सहा आकडे वाचून दाखवले, आणि फोन ठेवायच्या आधी विचारलं, “सापडलं का गं लाल्याचं?”

“नाही बाबा,” ती म्हणाली, “अजून फॉर्मच भरतेय.”