झुरळ म्हणा की जिरळे!

देवास जिल्ह्यातल्या खातेगावाहून वन्संचा फोन आला. ‘‘वहिनी, फवारा मारला की दोन दिवस बरे जातात, पंधरवड्यात पुन्हा तेच! नातवाला दमा, त्यात ही झुरळे.’’

मराठीत झुरळ, कन्नडात जिरळे, उपद्रव एकच. स्वयंपाकघरातल्या लहान, तपकिरी ‘जर्मन’ झुरळाची मादी ३०-४० अंड्यांची पिशवी शरीराला चिकटवून हिंडते. तिच्या कवचामुळे फवारा अंड्यांपर्यंत पोचत नाही. नावावर जाऊ नका. हे झुरळ मूळचे भारत-म्यानमारकडचे, असे २०२४ च्या संशोधनात आढळले!

वन्संना सांगितले ते तुम्हालाही सांगते. रात्री खरकटे ठेवू नये, ओटा व सिंक कोरडे करावे. एक चमचा बोरिक पावडर, एक चमचा साखर, दोन चमचे कणीक पाण्यात मळून गोळ्या कराव्यात. त्या फ्रिजमागे, कपाटाच्या फटींत ठेवाव्यात. तिथे फवारा मारू नये, झुरळे गोळ्यांकडे फिरकत नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी ताज्या गोळ्या ठेवाव्यात, म्हणजे नवी पिल्लेही सापडतात.

झुरळांच्या विष्ठेने दमा बळावतो, फवाऱ्याच्या वासानेही. मात्र गोळ्याही विषच. रांगत्या बाळाच्या हाती लागू देऊ नका.