कबाला: घरची आणि परकी

सिंगापूरच्या वॉटर्लू स्ट्रीटवरील मागेन अबोथ सिनेगॉग १८७८ सालचे. त्याच नगरीत १८८९ साली थिऑसॉफीची शाखा निघाली. एके ठिकाणी कबाला प्रार्थनेतून नांदते. दुसरीकडे ती परक्यांच्या ग्रंथांतून आली. हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

१४८६ साली इटलीच्या पिको देल्ला मिरांदोलाने ख्रिस्ती मताच्या समर्थनार्थ कबालेचा आधार घेतला. पुढे क्नोर फॉन रोझेनरोथच्या लॅटिन भाषांतराने (१६७७-८४) झोहारमधील भाग युरोपास मिळाले. मादाम ब्लाव्हाट्स्की यांच्या १८८८ च्या 'सिक्रेट डॉक्ट्रिन'मध्येही कबालेचे उल्लेख ठायी ठायी आहेत. त्याच वर्षी लंडनमध्ये निघालेल्या 'गोल्डन डॉन' मंडळाने तर दहा सफिरोथांच्या वृक्षाशी टॅरोच्या पत्त्यांची सांगड घातली. वृक्षाचे चित्र गेले. तोरा व मिस्वोथ मागेच राहिल्या.

आमच्या तरुणांनी हे ग्रंथ वाचूच नयेत, असे आम्ही म्हणत नाही. विचारांची देवघेव हा दोष नव्हे. परंतु शुक्रवारी सायंकाळी शब्बाथचे स्वागत करताना सिंगापुरात व आपल्या ठाण्यात गाइले जाणारे 'लेखा दोदी' हे सोळाव्या शतकातील त्सफातच्या श्लोमो अल्काबेत्स या कबालाज्ञाचे काव्य आहे, हे त्यांना आधी ठाऊक असावे. घरचा ठेवा ओळखीचा असेल, तरच त्यातून कोणी काय नेले आणि काय टाकले, हे कळेल.